औषध लागलं, घेतलं नाही

(वाशिम जिल्ह्यातल्या शेतमजूर बायांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलणारी स्वतः रोजाने फवारणीचे काम करते. तिच्या इच्छेनुसार तिचे आणि गावाचे नाव दिलेले नाही.)

आत्ता ताईंनी माझी ओळख ‘फवारणी करणारी महिला’ अशी करून दिली. गावात मला असं कोणी म्हणत नाही. गावात मी ‘पंपवाली’. पोरं मागून हाक मारतात, “पंपवाले मावशे, आमच्या वावरात कधी येतं?” मला त्याचा राग येत नाही. राग कशाचा येतो ते पुढे सांगते.

आमचा सगळा भाग सोयाबीनचा. थोडी पराटी, सोयाबीनमध्ये तूर, मागून हरभरा. जूनच्या शेवटी पेरणी झाली की पंधरा-वीस दिवसांत तणनाशकाचा पंप सुरू होतो. मग खोडमाशी, चक्रीभुंगा. मग उंटअळी, पानं खाणारी अळी. सोयाबीन निघालं की तुरीच्या फुलावर शेंगा पोखरणारी अळी, आणि थंडीत हरभऱ्यावर घाटेअळी. म्हणजे जुलै ते डिसेंबर माझ्या पाठीवर पंप असतो. ज्यांची वावरं थोडी आहेत, ज्यांचे पोरगे पुण्याला कामाला आहेत, ज्यांना स्वतः मारवत नाही, असे अकरा घरवाले माझ्याकडे होते. सोमवारी याचं, मंगळवारी त्याचं. पाऊस आला की सगळं एक दिवस पुढे सरकतं, आणि मग सगळ्यांनाच घाई होते. शहरात पोस्टमन कसा रोज ठरल्या गल्ल्या घेतो, तशी मी वावरं घेते.

पंपावर मी २०१८ साली आले. त्याअगोदर लग्न झाल्यापासून मी पाण्यावर होते. घरचे पंप मारायचे आणि मी नाल्यावरून पाणी आणून द्यायची. त्या पावसाळ्यात त्यांची कंबर धरली, मणक्याचं दुखणं निघालं. घेतलेली उचल फेडायची होती. मी पंप पाठीला लावला. पहिल्या दिवशी एक पाटील धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, “बाईच्या हातचा फवारा सारखा पडते का?” मी म्हटलं, संध्याकाळी पानं उलटून पहा. त्यांनी खरंच पाहिली. मग बोलले नाहीत काही, पुढच्या आठवड्यात निरोप आला.

आता हे काम काय असतं ते नीट सांगते, कारण इथे बऱ्याच जणी शहरातून आलेल्या आहेत, आणि कागदावर ‘फवारणी’ हा एकच शब्द असतो. ती असतात तीन कामं. पाणी आणणं, औषध कालवणं आणि पंप मारणं. पंप पंधरा-सोळा लिटरचा. भरला की यंत्रासकट वीस किलोच्या वर जातो. दिवसाला वीस पंप मी मारते, गडी माणसं जास्तही मारतात. वीस पंपांना तीनशे लिटर पाणी लागतं. ते वावरात कोणी आणून ठेवलेलं नसतं. विहीर किंवा नाला दोनशे पावलांवर असेल तर पंधरा लिटरची गुंडी घेऊन वीस खेपा. जाऊन-येऊन आठ हजार पावलं, त्यातली अर्धी डोक्यावर वजन घेऊन, काळ्या मातीच्या चिखलात. हे काम बाईचं. आणि पाणी आणलं की टिपाडात औषध कालवायचं, तेही तिचंच, कारण पंपवाल्याला थांबायला वेळ नसतो. त्याचे पैसे पंपावर असतात, तिचे दिवसावर. २०१९ साली माझ्या भागात पंपामागे २५ रुपये होते. वीस पंपांचे मला पाचशे मिळायचे. पाणी आणणारीला दिवसाचे दीडशे. मी स्वतः पंधरा वर्षं त्या दीडशेच्या जागेवर होते, तेव्हा ते किती कमी होते विचारू नका. तरी पंपावर आल्यावर दुसऱ्या बाईला दीडशेच मिळाले पाहिजेत असं काही मला वाटलं नाही, पण जास्त मिळाले पाहिजेत असंही पहिल्या वर्षी वाटलं नाही. हे मी इथे कबूल करते.

कालवणं कसं असतं? दुकानदार चार पुड्या-बाटल्या देतो. एक अळीचं, एक बुरशीचं, एक टॉनिक, एक खताची पुडी. सगळं एकत्र. माप म्हणजे बाटलीचं झाकण. पेट्रोलच्या पंपाला औषधाचं प्रमाण हातपंपाच्या तिप्पट घ्यायचं असं सांगतात, कारण त्यात पाणी कमी फेकलं जातं. पण ते तिप्पट माप लोकांच्या डोक्यात बसतं आणि साध्या पंपातही पडतं. काडीनं ढवळायचं हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुडीची गाठ फुटत नाही, खाली बसलेलं वर येत नाही, मग बाई कोपरापर्यंत हात घालते. संध्याकाळी त्याच हातानं पीठ मळते. साबणानं धुतला तरी वास जात नाही. माझा लहाना भाकरी हातात घेऊन म्हणायचा, “माय, याले औषधाचा वास येते.”

‘औषध’. पहा, आम्ही विषाला औषधच म्हणतो. पिकाचं औषध. अळीचं औषध. आणि कोणी जीव दिला तरी म्हणतात, ‘औषध घेतलं’. एकच शब्द. हा शब्द आमच्या जिवावर कसा येतो तेच सांगायला मी उभी आहे.

पुढे जाण्याअगोदर कपड्यांचं सांगते. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या वर्षी पराटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा वर मारावा लागायचा आणि तोंडावर यायचा. सरकारनं चौकशी बसवली. नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली, त्यात आपला वाशिम जिल्हाही होता. तोवर कापसावरची फवारणी सरतच आली होती. मग मास्क, चष्मे, हातमोजे, अंगरखे वाटले गेले. आमच्या गावातही आले. ते ज्यांच्या नावावर वावर त्यांच्या घरी गेले. वावरवाला पंप मारत नाही, त्याच्या घरी अंगरखा खुंटीला. मी मागून घेतला. गड्याच्या मापाचा होता, साडीवर चढेना. हातमोज्यात माझी बोटं टोकापर्यंत पोचत नव्हती आणि आत पाणी गेलं की दिवसभर औषधात हात भिजत ठेवल्यासारखं. ऑगस्टच्या उकाड्यात तो चष्मा घालून तास दिसत नाही. मग काय करते बाई? घरच्यांचा पूर्ण बाह्यांचा सदरा साडीवर घालते, दुपट्टा तोंडाला बांधते. दुपट्टा ओला झाला की तो मास्क राहत नाही, तोंडावर बांधलेली औषधाची पट्टी होते.

आणि साडी. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं असतं, पानं फवाऱ्यानं ओली. साडी खालून भिजत वर चढते. परकर भिजतो. मांड्या, जांघा, जिथली कातडी पातळ तिथे ते औषध दिवसभर चिकटून असतं. पाळीच्या दिवसांत काय होतं ते इथे साऱ्या बायाच आहोत म्हणून बोलते. कापड बदलायला आडोसा नाही, हात औषधाचे. अंगावर पुरळ, लघवीला जळजळ, हे कोणत्याही फवारणीच्या शिबिरात मी ऐकलं नाही, आणि बाईनं उठून विचारावं अशी ती शिबिरंही नसतात. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथले साहेब सांगतात ते चुकीचं नाही. वारा पाठीवर घ्या, सकाळी आणि संध्याकाळी मारा, उपाशीपोटी मारू नका. पण वावराचे तास ज्या दिशेनं पेरले तसंच चालावं लागतं. जाताना वारा पाठीवर घेतला तर येताना तो तोंडावरच येणार. येताना मोकळं चालत यायचं म्हटलं तर दिवसाला दहाच पंप होतात. ते दहा पंपांचे पैसे कोण देणार, हे शिबिरात कोणी सांगत नाही.

आता २०१९ सालची गोष्ट. पोळ्याच्या आधीचा आठवडा. माझ्यासोबत पाण्यावर एक पोरगी होती, एकोणीस-वीस वर्षांची. जवळच्या तांड्यातली लेक, आमच्या गावात दिलेली. लग्नाला वर्ष झालं होतं. बोलायला गोड, पळायला हरणासारखी. त्या दिवशी अळीचं औषध होतं, प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रीन एकत्र केलेलं. ती टिपाडातून कालवलेलं पाणी बादलीत घेत होती. टिपाड दगडावर ठेवलेलं, दगड चिखलात बसला आणि टिपाड तिच्या अंगावर कललं. छातीपासून पायापर्यंत भिजली. मी पंप उतरवला नाही. तिथूनच म्हटलं, “गुंडीतलं पाणी घे अंगावर.” तिनं घेतलं. अर्धी गुंडी. मग मी म्हटलं, “चल, सहा पंप राहिले, आभाळ भरून आलं.” हे माझं वाक्य आहे, दुसऱ्या कोणाचं नाही. तिनं साडी पिळली आणि खेपा चालू केल्या, कारण दुपारी घरी गेली असती तर अर्धाच रोज मिळाला असता.

तीनच्या सुमाराला ती धुऱ्यावर बसली. म्हणाली, गरगरते. मग उलटी. तोंडातून लाळ थांबेना, घाम असा की पाऊस पडून गेल्यासारखा, हात थरथरत होते. डोळ्यांत पाहिलं तर बाहुली बारीक टाचणीच्या टोकासारखी. परकर खराब झाला. मी, वावरवाल्याचा पोरगा आणि आणखी एक बाई, आम्ही तिला ऑटोत घातलं.

दवाखान्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या डॉक्टरनं तिचा जीव वाचवला हे आधी सांगते. ॲट्रोपिनची सुई लगेच लावली, रात्रभर लावत राहिले, छातीतली घरघर थांबली. पण आम्ही दारातून आत जाताना पहिला प्रश्न कोणता आला? “किती घेतलं?” मी म्हटलं, घेतलं नाही, अंगावर सांडलं. “हो, पण किती घेतलं? बाटली आणली का? घरी भांडण झालं होतं का?” पुरुष मजूर आला की विचारतात, फवारत होता का? बाई आली की विचारतात, घेतलं का? विशीतली, लग्नाला वर्ष झालेली, उलट्या करत आलेली पोरगी. तिथल्यांनी अशा किती पाहिल्या असतील. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनी पाहिलेल्या खऱ्याच होत्या. आमच्या घरांत तुळईवर औषधाची बाटली असते आणि त्याच घरात बाईला मारही असतो. पण केसपेपरवर शब्द पडला तो पडला: विष प्राशन.

हा एक शब्द काय काय करतो पहा. संध्याकाळी पोलीस जबाब घ्यायला आले. तिची सासू ओसरीवर बसून रडायला लागली, “माह्या पोरावर केस होते आता.” तांड्यातून तिचा बाप आणि दोन भाऊ आले, त्यांना कोणी तरी फोनवर सांगितलं होतं की पोरीनं औषध घेतलं. बापाला वाटलं सासरच्यांनी छळलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर जायला निघाली. नवरा तोंड लपवून जिन्याखाली बसला. गावात दुसऱ्या दिवशी तिसरीच गोष्ट पसरली, तिचं कोणाशी तरी होतं म्हणून. आणि ज्या वावरात हे झालं तिथला मालक एकदम निवांत झाला. “घेतलं” म्हटल्यावर त्याच्या वावराचा काय संबंध? ज्या दुकानातून चार बाटल्या एकत्र कालवायला दिल्या त्याचा काय संबंध? फवारणीच्या विषबाधेचा आकडा वाढला नाही म्हणून वरचेही निवांत. ‘घेतलं’ हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता, एक ती सोडून.

तिसऱ्या दिवशी तिला नीट शुद्ध आली. मी पाणी पाजत होते. ती हळूच म्हणाली, “मावशी, मी घेतलं असं म्हणू का?” मी म्हटलं, काहून वं? तर मालकानं तिच्या सासऱ्याला निरोप दिला होता, दवाखान्याचा खर्च मी करतो, वावराचं नाव काढू नका. सासऱ्याच्या खिशात दोनशे रुपये नव्हते. ती म्हणाली, “तसंही लोकं म्हणूनच राह्यले.”

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी तिला लगेच ‘नको’ म्हणू शकले नाही. तुमच्यासमोर उभं राहून मोठं बोलणं सोपं आहे. पैसे माझ्याकडेही नव्हते, आणि ‘चल, सहा पंप राहिले’ हे तिनं ऐकलं होतं, मी विसरले नव्हते. मी बाहेर येऊन आपल्या गटातल्या दोघींना बोलावलं. आम्ही वर्गणी केली, ती फार नव्हती. मग मी आत जाऊन तिला सांगितलं की जे झालं ते सांग. ती म्हणाली, तुम्ही पण सांगाल ना, तुमच्या समोर झालं म्हणून? म्हणजे मला माझंही सांगावं लागणार होतं.

तिची ओली साडी मी फेकली नव्हती, पिशवीत बांधून ठेवली होती. बाटली वावरातून उचलून आणली, झाकणासकट. दुसऱ्या पाळीला एक तरुण डॉक्टर होता, त्यानं शांतपणे ऐकलं. पोटावर आणि मांडीवर कातडी लाल झाली होती ती पाहिली. पुढच्या कागदावर त्यानं लिहिलं की फवारणीचं मिश्रण अंगावर सांडून विषबाधा. सुट्टीच्या कार्डावरही तेच आलं. पहिला कागद बदलत नाही म्हणाले, तो तसाच राहिला. पोलिसांकडचा कागदही कितीतरी हेलपाटे घातले तरी आमच्या समोर बदलला नाही, जबाब तेवढा जोडला. अर्धं काम झालं म्हणा. तिच्या बापानं कार्ड वाचून घेतलं, दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि जावयाच्या पाठीवर हात ठेवला. मला तेवढ्यानं फार वाटलं.

पैसे? पैसे काही मिळाले नाहीत. शेतकऱ्याच्या अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची विमा योजना होती, २०२३ पासून तिचं सानुग्रह अनुदान झालं. त्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा धरली आहे, आत्महत्या धरलेली नाही. म्हणून तर तो एक शब्द इतका महत्त्वाचा. पण तिथेही सातबारावर नाव पाहिजे, नाही तर त्या खातेदाराच्या घरातलं एक माणूस म्हणून नाव पाहिजे. आणि माणूस मेलं पाहिजे, नाही तर हात, पाय, डोळा गेला पाहिजे. आठ दिवस दवाखान्यात राहून थरथरते हात घेऊन घरी आलेल्या भूमिहीन मजूर बाईचा त्यात रकानाच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावं पुढे आली, १९९४ साली राज्याचं महिला धोरण आलं. तेव्हापासून आपण सातबारावर बाईचं नाव मागतो आहोत आणि ते मागत राहू. पण जिच्या नवऱ्याच्याच नावावर काही नाही, तिचं काय मागायचं? ती पाण्याची गुंडी घेऊन दुसऱ्याच्या वावरात उभी आहे. तिथेच तिचा हक्क मागावा लागेल.

आणि कायदा नाही असं नाही. आपल्या वकील ताईंनी मला वाचून दाखवलं तेव्हा मी दोनदा वाचायला लावलं. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि त्याचे १९७१ चे नियम. त्यात लिहिलं आहे की कीटकनाशक हाताळणाऱ्याची, फवारणी करणाऱ्याची कामावर घेण्याअगोदर डॉक्टरी तपासणी करायची आणि नंतर वर्षातून एकदा. अंगरखा, मोजे, बूट द्यायचे. जवळ प्रथमोपचाराचं साहित्य ठेवायचं. शिकवायचं. शहरात तुमच्या घरी झुरळं आणि वाळवी मारायला जो पेस्ट कंट्रोलवाला येतो, त्याच्या कंपनीला परवाना लागतो आणि परवान्यासाठी विज्ञानाची किंवा शेतीची पदवी आणि प्रशिक्षण लागतं. चांगलं आहे, लागलंच पाहिजे. पण तो ओट्याखाली मारतो आणि मी पाच एकरांत मारते. माझी तपासणी आजवर कोणी केली नाही. कारण मला ‘कामावर घेणारा’ कोणीच नाही. अकरा वावरवाले, एकही मालक नाही. प्रत्येक जण म्हणतो, आमच्याकडे तर दोनच दिवस येते.

बाटलीवरचा त्रिकोण तुम्हाला माहीत असावा म्हणून सांगते. लाल सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आम्ही गटात बायांना अक्षरं नाही, आधी हे रंग शिकवले. लाल त्रिकोणाचं मोनोक्रोटोफॉस आमच्याकडे सर्रास होतं. बिहारमध्ये २०१३ साली शाळेतल्या खाण्यात तेच गेलं आणि तेवीस पोरं दगावली. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासून बंदी होती, आमच्याकडे वांग्यावरही मारत होते. शेवटी २०२३ साली केंद्र सरकारनं ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसवर बंदीचा आदेश काढला. किती वर्षं लागली मोजा. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान मारत होते, त्याच्या विरोधात कोर्टात जाणारी पहिली बाई, लीलाकुमारी अम्मा, शेतीखात्यातच नोकरीला होती. सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ मध्ये आली. आणि यवतमाळच्या २०१७ च्या प्रकरणातल्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी २०२१ मध्ये थेट स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये कंपनीवर दावा लावला. ज्यांनी मुंबई धड पाहिली नसेल त्या बाया. हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपण तर तहसीलच्या पायरीलाच घाबरतो.

त्या घटनेनंतर आम्ही पाचजणींनी ठरवलं की पाण्याचे आणि कालवण्याचे पैसे पंपावर घ्यायचे. पंपाला २५ मारणारीचे, तर १२ पाण्याचे. टिपाड जमिनीत अर्धं पुरून ठेवायचं, साबण आणि एक गुंडी चांगलं पाणी बाजूला, त्याला हात लावायचा नाही. अंगावर सांडलं की काम तिथेच बंद आणि रोज पूर्ण. गरवार बाई आणि अंगावर पाजणारी बाई पाण्यावरही नाही, तिला निंदणाला घ्यायचं. लाल त्रिकोण असेल तर आम्ही येत नाही. हे सगळं सांगितल्यावर माझ्या अकरा वावरांतली चार गेली. त्यातले एक पाटील म्हणाले, “पंपवाली आता कलेक्टर झाली.” सातजण राहिले, त्यातले दोघे अजून पाण्याचे पैसे देताना कुरकुर करतात. गेलेल्या चारांच्या वावरात आता दुसऱ्या गावची माणसं येतात, त्यांच्यासोबत पाण्याला त्यांच्याच बाया येतात, जुन्याच भावात. म्हणून एका गावानं ठरवून हे होत नाही, तालुक्यानं ठरवावं लागतं. त्यासाठी मी इथवर आले.

तुम्हा कार्यकर्त्या ताईंना एक सांगायचं आहे. तुम्ही दवाखान्यात जाता, अत्याचाराच्या केसेस पाहता. औषधाची केस म्हणून बाई आली की तुम्हीही आधी सासरकडेच बघता. बघा, बघायलाच पाहिजे. पण सोबत एवढंही विचारा की काल कोणाच्या वावरात होती, साडी कुठे आहे, बाटली कुठे आहे. आणि जिनं खरंच घेतलं असेल तिला कलमाची भीती घालू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंच सांगितलं आहे की अशा माणसावर मोठा ताण होता असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते जुनं ३०९ कलम घेतलेलंच नाही. पोलीस पाटलाला हे माहीत नसतं, सासूला तर नसतंच.

आणखी एक. आपला जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, पण जिवावर बेतलं की आम्ही अकोल्यालाच पळत होतो. २०२४ मध्ये वाशिमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या शिकणाऱ्या पोरापोरींना जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस आमच्या वावरात पाठवा. रक्त तपासून पहा. या औषधांनी रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं काही तरी खाली जातं, तेवढ्यावरून कळतं म्हणतात. आमचं रक्त घ्या, आम्ही बोटं पुढे करतो. नियमात वर्षातून एकदा लिहिलं आहे, एकदा तरी होऊ द्या.

ती पोरगी कशी आहे असं मला दर बैठकीत विचारतात. बरी आहे. एक मुलगा झाला. भाकरी थापताना हात थोडा थरथरतो म्हणते, डॉक्टर म्हणतात त्याचा संबंध नसेल. पाण्यावर ती परत आली नाही, निंदणाला येते, सोयाबीन सोंगायला येते. मागच्या पावसाळ्यात मी धुऱ्यानं पंप घेऊन चालले होते तेव्हा तिनं वावरातून आवाज दिला, “मावशी, वारा फिरला पहा.” मी पाहिलं तर खरंच फिरला होता. मी पंप उतरवून ठेवला. दोन तास बसले. त्या दिवशी बाराच पंप झाले.

वही मी सोबत आणली आहे. पाच गावांतल्या बायांची नावं आहेत, कोण पाण्यावर, कोण पंपावर, कोणाच्या अंगावर कधी सांडलं. तुमच्या गावचीही लिहून द्या, जाण्याअगोदर. माझी गाडी शेलूबाजारवरून पाचची आहे, आणि उद्या सकाळी दोन वावरं बाकी आहेत.